घरच्या डेस्कटॉपची हार्ड डिस्क बदलताना

पंखे सोडले तर डेस्कटॉप संगणकात सतत फिरत राहणारा भाग एकच, तो म्हणजे हार्ड डिस्क. साडेतीन इंची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या धातूच्या डबीत एक किंवा अधिक चकत्या एका आसावर बसवलेल्या असतात आणि त्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. चकतीवर चुंबकीय द्रव्याचा अतिशय पातळ थर असतो. सगळी माहिती त्या थरातल्या सूक्ष्म ठिपक्यांच्या चुंबकीय दिशेत साठवलेली असते. ती वाचणारे आणि लिहिणारे हेड चकतीला टेकत नाही. फिरत्या चकतीबरोबर ओढल्या जाणाऱ्या हवेवर ते काही नॅनोमीटर उंचीवर तरंगते. माणसाच्या केसाची जाडी या फटीच्या हजारो पट भरते. १९५६ साली आयबीएमने बाजारात आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये साठ सेंटिमीटर व्यासाच्या पन्नास चकत्या होत्या आणि त्या सगळ्यांत मिळून पन्नास लाख अक्षरे मावत. आज एक टेराबाइटच्या, तळहातावर मावणाऱ्या डिस्कमध्ये त्याच्या दोन लाख पट अक्षरे बसतात, पण फिरती चकती आणि तिच्यावर तरंगते हेड ही मूळ रचना बदललेली नाही. म्हणूनच हार्ड डिस्क झिजते, आणि कधी ना कधी जाते.

छत्रपती संभाजीनगरातल्या अनेक घरांत अजून चालू असलेले डेस्कटॉप शहराचे नाव औरंगाबाद असतानाचे आहेत. कुणी मुलाच्या इंजिनिअरिंग प्रवेशाच्या वेळी घेतला, कुणी घरात एमएस-सीआयटीचा सराव व्हावा म्हणून. हा अभ्यासक्रम २००१ साली सुरू झाला आणि त्याने महाराष्ट्रात गावोगावी संगणक पोचवला. या यंत्रांत १६०, ३२० किंवा ५०० गिगाबाइटची हार्ड डिस्क असते. मुले पुण्याला नाहीतर परदेशी गेली, घरच्यांच्या हातात मोबाइल आला, तरी डेस्कटॉप कोपऱ्यात चालू राहिला, कारण त्यात दुकानाचे टॅलीचे हिशेब आहेत, शिकवणीच्या नोट्स आहेत, विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधाची मूळ प्रत आहे, आणि मोबाइलच्या आधीच्या काळातले, डिजिटल कॅमेऱ्यातून उतरवलेले सगळे फोटो आहेत.

या शहरात डिस्कच्या आयुष्यावर तीन गोष्टींचा ताण पडतो. त्यातली उष्णता सगळ्यांना दिसते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि बंद कॅबिनेटच्या आतली हवा खोलीपेक्षाही तापते. बहुतेक घरगुती डिस्कना कंपन्या साठ अंश सेल्सिअसच्या आसपासची मर्यादा घालून देतात, आणि जाळीवर धूळ बसून पंख्याची हवा अडली की ती मर्यादा फार लांब राहत नाही. तरीही उष्णतेलाच सगळा दोष देणे बरोबर नाही. गुगलने आपल्या लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात मध्यम तापमानाचा आणि बिघाडाचा संबंध अपेक्षेपेक्षा बराच कमी आढळला. उष्णतेचा फटका दिसला तो अति तापमानात आणि तीन-चार वर्षे वापरलेल्या डिस्कना. घरचा जुना डेस्कटॉप नेमका त्याच गटात मोडतो. कूलरच्या झोतात ठेवलेले कॅबिनेट थंड राहते खरे, पण दमट हवा आणि धूळ मिळून जोडण्यांवर जो थर चढतो तो वेगळेच दुखणे उभे करतो.

दुसरी गोष्ट धूळ, पण ती डिस्कच्या आत जात नाही. झाकणावर बारीक भोक असते, त्याच्या आत गाळणी असते आणि शेजारी ते भोक झाकू नये अशी सूचना छापलेली असते. आतला आणि बाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते ठेवलेले असते. हौशी माणूस नेमके त्यावरच स्टिकर चिकटवतो.

तिसरी गोष्ट वीज, आणि घरात सर्वांत दुर्लक्षित तीच राहते. लाईट अचानक गेली की डिस्कची मोटर तिच्या उरलेल्या फिरण्यातूनच थोडी वीज तयार करते आणि त्या विजेवर हेड घाईने बाजूच्या सुरक्षित जागी नेले जाते. प्रत्येक वेळी हे हेड नेहमीपेक्षा जोरात ओढले जाते. त्याच क्षणी एखादी फाइल लिहिली जात असेल तर ती अर्धवट राहते. लोडशेडिंगच्या वर्षांत मराठवाड्यातल्या डिस्कनी असे कितीतरी धक्के खाल्ले. यूपीएस त्यासाठीच घेतलेला असतो, पण त्यातली शिसे-आम्लाची बॅटरी दोन-तीन वर्षांत दम टाकते. त्यानंतर यूपीएसचा दिवा हिरवाच राहतो, आणि लाईट जाताच संगणकही जातो. डिस्क बदलायला निघालेल्याने यूपीएसची बॅटरी तपासली नाही, तर नवी डिस्कही त्याच वाटेने जाते.

डिस्क बिघडू लागली की संगणक आधी मंदावतो. एखादा फोल्डर उघडायला मिनिट लागते, फाइल कॉपी होता होता थांबते, माउसचा बाण गोठतो आणि कॅबिनेटवरचा लाल दिवा एकसारखा पेटलेला राहतो. आत काय चालले आहे हे समजले की पुढे काय करायचे ते आपसूक कळते. चकतीवरची माहिती सेक्टर नावाच्या छोट्या तुकड्यांत असते. जुन्या डिस्कमध्ये सेक्टर ५१२ बाइटचा, नव्यांत ४,०९६ बाइटचा. एखादा सेक्टर नीट वाचता आला नाही तर डिस्क तोच पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, आणि तोवर विंडोज ताटकळत राहते. शेवटी वाचता आलाच नाही तर त्याची नोंद प्रलंबित सेक्टर म्हणून होते. पुढे त्या जागी काही नवे लिहायची वेळ आली की डिस्क जागा तपासते आणि ती खरोखर खराब असेल तर राखीव जागेतला दुसरा सेक्टर तिच्या बदल्यात देते. राखीव जागा संपेपर्यंत वापरणाऱ्याला काहीच कळत नाही.

आवाजाचे लक्षण वेगळे. टक्, टक्, टक् असा एकसुरी ठोका आणि मग मोटर बंद पडल्याची शांतता, असे ऐकू आले तर हेडला चकतीवरच्या खुणा सापडत नाहीत असे समजावे. हेड आधाराशी जाऊन पुन्हा सुरुवात करते आणि प्रत्येक फेरीत चकतीला ओरखडा पडायचा धोका वाढतो. अशी डिस्क लगेच बंद करावी आणि पुन्हा चालू करून ‘एकदा बघू’ म्हणू नये.

दुकानात ‘हार्ड डिस्क उडाली’ हे निदान चटकन होते, पण ते प्रत्येक वेळी खरे नसते. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीएमओएस सेल संपला की बायोसमधल्या सगळ्या सेटिंग मूळपदावर जातात, तारीख कित्येक वर्षे मागे जाते, आणि डिस्कची जोडणी एएचसीआय पद्धतीवरून आयडीईवर गेली तर विंडोज निळा पडदा दाखवून थांबते. डिस्क यात ठणठणीत असते. सेल बदलून आणि सेटिंग पूर्ववत करून काम भागते. दुसरा संशयित साटा केबल. वर्षानुवर्षे एकाच जागी वळून राहिलेली ही पातळ केबल सैल झाली की कॉपी करताना चुका होतात आणि लक्षणे हुबेहूब खराब डिस्कसारखी दिसतात. फुगलेले कपॅसिटर असलेला जुना एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, हा तिसरा. डिस्कच्या मोटरला बारा व्होल्टचा पुरवठा लागतो, आणि तो डगमगला तर डिस्क मध्येच थांबून पुन्हा फिरू लागते.

हे वेगळे काढायला डिस्कच साक्ष देते. जवळपास प्रत्येक डिस्क स्मार्ट नावाच्या व्यवस्थेत स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हा जपानी प्रोग्राम ती फुकटात दाखवतो. पाहायच्या ओळी थोड्याच. पाचव्या क्रमांकाची ओळ बदलून दिलेल्या सेक्टरांची, १९७ वी प्रलंबित सेक्टरांची, १९८ वी दुरुस्त न होणाऱ्या सेक्टरांची. या तिन्हींत शून्य असावे. १९७ मधला आकडा आठवड्यागणिक चढत असेल तर डिस्क बदलायचीच. १९९ व्या ओळीतला आकडा मात्र केबलमधल्या चुकांचा असतो. तो वाढत असेल आणि बाकीच्या ओळी शून्यावर असतील तर नवी केबल घालून पाहावी. नववी ओळ डिस्क किती तास चालली ते सांगते, आणि तिचा उपयोग पुढे नवी डिस्क घेताना होतो.

स्मार्टवर आंधळा विश्वास मात्र टाकता येत नाही. गुगलच्या त्याच अभ्यासात सेक्टर वाचण्यातली पहिली चूक दिसल्यावर पुढच्या साठ दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता इतर डिस्कच्या तुलनेत ३९ पट आढळली. पण बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कमध्ये स्मार्टच्या चार ठळक खुणांपैकी एकही दिसलेली नव्हती. खूण दिसली तर ती खरी मानावी, न दिसल्याने निर्धास्त होऊ नये.

खूण दिसली की पहिले काम माहितीची प्रत काढण्याचे. स्क्रू ड्रायव्हर नंतर. इथे मराठी घरांतला एक जुना समज आड येतो. संगणक जोडून देणारा एकाच डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडतो आणि ‘सीमध्ये काही ठेवू नका, फॉर्मॅट मारला की जाईल, सगळं डीमध्ये टाका’ असे सांगून जातो. विंडोज बिघडण्यापुरता हा सल्ला रास्त आहे. त्यातून डीमध्ये ठेवलेली प्रत म्हणजे बॅकअप अशी समजूत मात्र घट्ट बसली. सी, डी आणि ई त्याच चकत्यांवर, त्याच हेडच्या भरवशावर असतात. डिस्क गेली की तिन्ही एकदम जातात.

दुसरा घातक सल्ला म्हणजे ‘आधी चेकडिस्क चालवून बघा.’ चेकडिस्क फाइलव्यवस्थेतल्या विसंगती दुरुस्त करते, म्हणजे डिस्कवर लिहिते. मरायला टेकलेल्या डिस्कवर तासन् तास वाचन-लेखन करायला लावणे आणि अर्धवट फाइलींचे तुकडे निनावी फोल्डरांत टाकणे याने हाती लागू शकणारे फोटोही निसटतात. विंडोज पुन्हा टाकून पाहणे त्याहून वाईट.

डिस्क अजून बऱ्यापैकी चालत असेल तर बाहेरच्या यूएसबी डिस्कवर थेट कॉपी करावी, आणि आधी जे दुसरीकडून कधीच मिळणार नाही ते. सिनेमे आणि गाणी शेवटी, किंवा मुळीच नाही. डिस्क जागोजागी अडकत असेल तर नेहमीची कॉपी कामाची नाही, कारण विंडोज पहिल्या खराब सेक्टरपाशीच अडून बसते. अशा वेळी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्राम वापरतात. तो आधी सहज वाचता येणारा सगळा भाग नव्या डिस्कवर उतरवतो, अडलेल्या जागा टाळून पुढे जातो, त्यांची नोंद एका फाइलमध्ये ठेवतो आणि शेवटी उरलेल्या जागांवर परत येतो. मध्ये लाईट गेली तरी त्या नोंदीवरून काम तिथूनच पुढे सुरू करता येते. फक्त कुठली डिस्क जुनी आणि कुठली नवी हे सांगताना दोनदा खात्री करावी. उलटे झाले तर रिकाम्या डिस्कची प्रत जुन्या डिस्कवर चढते.

काय कॉपी करायचे याची यादी घरागणिक वेगळी असते, पण काही जागा हमखास विसरल्या जातात. डेस्कटॉपवर ठेवलेल्या आणि माय डॉक्युमेंट्समधल्या फाइली दिसताना समोर दिसतात, प्रत्यक्षात त्या सी भागात असतात. टॅलीचा डेटा बहुधा टॅलीच्याच फोल्डरमध्ये, पाच आकडी नावाच्या फोल्डरांत असतो. आउटलुक वापरणाऱ्याची सगळी ईमेल एका मोठ्या फाइलमध्ये, विंडोजने लपवलेल्या फोल्डरमध्ये असू शकते. आणि मराठी घरात सगळ्यांत जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे फॉन्ट.

युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर वेगवेगळ्या कंपन्यांच्या फॉन्टमध्ये टंकला जाई. पुण्याच्या सी-डॅकच्या आयएसएम या प्रोग्रामबरोबर येणारे सुरेख आणि योगेश, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशी कितीतरी नावे. या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात, आणि प्रत्येकाची मांडणी निराळी. कृतिदेवमध्ये ‘क’ हे अक्षर फाइलमध्ये लहान लिपीतल्या इंग्रजी ‘डी’च्या रूपात साठवले जाते. त्याच फॉन्टमध्ये टंकलेला ‘भारत’ हा शब्द फॉन्ट नसलेल्या संगणकावर एच, के, के, जे, आर या पाच रोमन अक्षरांत दिसतो. नव्या डिस्कवर नवे विंडोज आले, फाइली नीट उतरल्या, पण फॉन्ट जुन्या डिस्कबरोबर गेले, की वडिलांच्या प्रबंधाची पाने अशा अगम्य अक्षरांनी भरलेली उघडतात. मजकूर जसाच्या तसा जागेवर असतो, तो दाखवणारा फॉन्ट तेवढा नसतो. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधल्या या फाइली किरकोळ आकाराच्या असतात. त्या सगळ्याच्या सगळ्या उचलून ठेवाव्यात. फॉन्टचे नाव कळले की मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे प्रोग्राम मिळतात, म्हणून नावेही लिहून ठेवलेली बरी. आयएसएम किंवा श्रीलिपीची विकत घेतलेली प्रत असेल तर तिच्याबरोबरचे लॉक, म्हणजे संगणकाच्या पाठीमागे खोचलेला तो छोटा ठोकळा, जपून ठेवावे. घरात पत्रिका छपाईचे किंवा डीटीपीचे काम होत असेल तर पेजमेकर आणि कोरलड्रॉच्या फाइलींचीही हीच गत. त्यातला पेजमेकर २००१ नंतर नव्या आवृत्तीत आलाच नाही, आणि नव्या विंडोजवर तो कुरकुरतो.

डिस्क फिरतच नसेल किंवा ठोके देत असेल तर घरच्या उपायांची हद्द संपते. डिस्क फ्रीजमध्ये ठेवायचा तोडगा अजून सांगितला जातो. बाहेर काढताच आत दव धरते आणि उरलेसुरले जाते. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचा सर्किट बोर्ड बसवून पाहणे जुन्या डिस्कवर कधी काळी चालत असे. आताच्या बोर्डवरच्या चिपमध्ये त्या विशिष्ट डिस्कची मोजमापे नोंदलेली असतात, त्यामुळे ती चिप सोडून नुसता बोर्ड बदलून भागत नाही. आणि झाकण घरात उघडणे म्हणजे डिस्क गेलीच. ज्या फटीतून केसाचा हजारावा भागही जाणार नाही तिथे धुळीचा एक कण पुरतो. अशी डिस्क धूळमुक्त खोली असलेल्या प्रयोगशाळेत पाठवावी लागते. मुंबई-पुण्यात अशा सेवा आहेत आणि त्यांचे बिल नव्या डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट येते. त्या फाइलींची घराला खरी किंमत किती, ते तिथे ठरते.

प्रत हाती आली की खरेदी सोपी आहे. जुन्या डेस्कटॉपसाठी आज पहिली निवड साटा जोडणीची अडीच इंची एसएसडी. तिच्यात फिरणारे काही नसते, त्यामुळे मंदपणाचे मूळ कारणच नाहीसे होते. ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कला एक फेरा पुरा करायला ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवा तो सेक्टर हेडखाली येईपर्यंत सरासरी चार मिलिसेकंद नुसती वाट पाहणे, आणि हेड सरकवायचा वेळ त्याहून वेगळा. एसएसडी तेच काम मिलिसेकंदाच्या दशांशात करते. मदरबोर्ड जुन्या, संथ साटाचा असला तरी हा फरक टिकतो. विंडोज आणि रोजचे काम यासाठी २५० ते ५०० गिगाबाइटची एसएसडी पुरते. फोटो फार असतील तर जोडीला एक टेराबाइटची नवी हार्ड डिस्क घ्यावी. कपाटात बंद ठेवायच्या प्रतीसाठी मात्र एसएसडी नको. वीज न देता पडून राहिलेल्या एसएसडीतले विद्युत्भार हळूहळू गळतात, आणि उष्ण खोलीत जास्त लवकर. तिथे हार्ड डिस्कच बरी.

नवी डिस्क लावताच स्मार्टची नववी ओळ पाहावी. नव्या डिस्कचे चाललेले तास शून्याच्या आसपास असतात. कुठून तरी काढलेली, पुसून पुन्हा खोक्यात भरलेली डिस्क नवी म्हणून गळ्यात मारण्याचे प्रकार बाजारात होतात, आणि या आकड्यातही फेरफार करता येतो. म्हणून बिल घ्यावे आणि अनुक्रमांकावरून कंपनीच्या संकेतस्थळावर वॉरंटी तपासावी. सीसीटीव्हीसाठी बनवलेली डिस्क ‘हीच लावा, चोवीस तास चालते’ म्हणून पुढे केली जाते. ती चालते, पण सतत एकाच ओघात चित्रण लिहिण्यासाठी तिची आतली आखणी केलेली असते. आणि वॉरंटी डिस्कची असते, माहितीची नाही. २०११ च्या ऑक्टोबरात थायलंडमधल्या महापुरात हार्ड डिस्कचे मोठे कारखाने पाण्याखाली गेले, जगभर किमती चढल्या, आणि त्याच वर्षाअखेरीस मोठ्या कंपन्यांनी अनेक घरगुती मॉडेलांची वॉरंटी कमी केली. त्या सुमारास घेतलेल्या संगणकाच्या बिलावर वॉरंटीचे वर्ष कमी का दिसते, त्याचे उत्तर कंपन्यांच्या या निर्णयात आहे.

प्रत्यक्ष बसवणे अर्ध्या तासाचे काम. संगणक बंद करून वायर भिंतीतून काढावी आणि मग पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेला भार निघून जातो. समोरून पाहता डाव्या बाजूचा पत्रा मागचे दोन स्क्रू काढून सरकवला की आतले दिसते. हाताची स्थिर वीज कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करून घालवावी. कोरड्या उन्हाळ्यात याची गरज जास्त असते. डिस्कला दोन केबल येतात, सात पिनांची अरुंद केबल माहितीची आणि पंधरा पिनांची रुंद केबल विजेची. दोन्हींच्या तोंडाचा आकार इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखा, त्यामुळे त्या उलट बसत नाहीत. जोर लावला तर डिस्कवरची प्लास्टिकची जीभ मोडते आणि मग तिला उपाय नाही. माहितीच्या केबलला चाप असेल तर तो दाबून मगच ओढावे. साडेतीन इंची डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे असतात आणि एसएसडीचे बारीक आट्यांचे. जाड स्क्रू एसएसडीत पिळला की तिची भोके बिघडतात. अडीच इंची एसएसडी मोठ्या खणात बसवायला पत्र्याची चौकट मिळते. ती नसेल तर दोन स्क्रूंवर एका बाजूने बसवली तरी चालते, कारण आत हलणारे काहीच नाही.

एसएमपीएसला साटाची विजेची जोडणी कमी पडत असेल तर चार पिनांच्या जुन्या मोलेक्स जोडणीवरून बदल करणारी केबल लावतात. यातली, तारांवर प्लास्टिक ओतून बनवलेली स्वस्त केबल टाळावी. आतल्या तारा एकमेकींना टेकून ती जळाल्याची उदाहरणे जगभर आहेत. एकेक तार वेगळी दाबून बसवलेली केबल थोडी महाग पडते, पण सुरक्षित असते. फार जुन्या, रुंद पट्टी केबलच्या संगणकात साटाची सोयच नसते. त्याच्यासाठी बदलजोड मिळतो, पण त्या यंत्रावर खर्च करण्यापेक्षा फक्त माहिती काढून घेणे शहाणपणाचे.

सुरू केल्यावर बायोसमध्ये डिस्कचे नाव दिसते का ते पाहावे, पद्धत एएचसीआय ठेवावी आणि मग विंडोज टाकावे. जुनी डिस्क जशीच्या तशी नव्यावर उतरवण्याचा म्हणजे क्लोनिंगचा मार्ग सोपा वाटतो, आणि जुनी डिस्क निरोगी असेल तर क्लोनझिलासारख्या प्रोग्रामने तो नीट पारही पडतो. खराब सेक्टर असलेल्या डिस्कचे क्लोन मात्र तुटक्या फाइलीही बरोबर आणते, म्हणून तिथे नवे विंडोज आणि त्यावर निवडलेल्या फाइली हेच बरे. एक्सपीच्या काळात पाडलेले भाग ६३ व्या सेक्टरपासून सुरू होत आणि ते एसएसडीच्या आतल्या पानांशी जुळत नाहीत. नव्याने पाडलेले भाग २,०४८ व्या सेक्टरपासून सुरू होतात, त्यामुळे हा प्रश्न उरत नाही. जुन्या बायोसवर दोन टेराबाइटपेक्षा मोठ्या डिस्कवरून विंडोज सुरू होत नाही, म्हणून मोठी डिस्क घेतली तरी ती साठवणुकीपुरती ठेवावी. एक टेराबाइटची डिस्क विंडोजमध्ये ९३१ गिगाबाइट दिसते, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४ च्या. दुकानदाराने फसवलेले नसते.

विंडोज कुठले टाकायचे हा नाजूक प्रश्न आहे. विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये आणि विंडोज १० चा ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. विंडोज ११ अशा यंत्रांवर अधिकृतपणे चढत नाही, कारण त्याला टीपीएम २.० आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. इंटरनेट आणि बँकेच्या व्यवहारांसाठी यंत्र वापरायचे असेल तर लिनक्स मिंटसारखा पर्याय गंभीरपणे पाहावा. त्यात मराठी टंकलेखनही होते. टॅली आणि जुने डीटीपी विंडोजवरच अडलेले असेल तर ते यंत्र इंटरनेटपासून तोडून ठेवणे हा मध्यममार्ग.

जुनी डिस्क लगेच टाकून देऊ नये. दोन-तीन महिने कपाटात ठेवावी, कारण राहिलेली फाइल लक्षात यायला तेवढा काळ जातो, आणि दिवाळी अंकासाठी लिहिलेला जुना लेख किंवा मागच्या वर्षाचे विवरणपत्र नेमके तेव्हाच लागते. त्यानंतर डिस्क चालत असेल तर ती पूर्ण पुसावी. आताच्या डिस्कवर सगळीकडे एकदा शून्य लिहिणे पुरेसे असते, सात-सात वेळा पुसण्याचा आग्रह जुन्या काळचा. नुसत्या फॉर्मॅटने माहिती जात नाही. चालत नसेल तर ड्रिलने झाकणातून आरपार दोन-तीन भोके पाडावीत, चष्मा लावून, कारण काही डिस्कच्या चकत्या काचेच्या असतात आणि त्या तडकून उडतात. मग ती भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावी. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत संगणक आणि त्याचे भाग येतात, आणि नोंदणीकृत पुनर्प्रक्रियादारांची यादी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मिळते. वॉरंटीत बदलायला द्यायची डिस्क मात्र भोके पाडून चालत नाही. ती देण्याआधी पुसता आली नाही, तर वॉरंटी सोडायची की त्यातल्या बँकेच्या नोंदी परक्याच्या हाती जाऊ द्यायच्या, हे दुकानाच्या काउंटरवर पोचायच्या आधीच ठरवावे लागते.